सेलूची तोंडी टीका

सेलू म्हटलें कीं आमच्या बहुतेक वाचकांस परभणीकडील सेलू आठवेल. आमच्या मनांत आहे तें वर्धा जिल्ह्यांतील सेलू; नागपुराहून वर्ध्यास जातांना केळझर मागें टाकलें कीं लागतें तें. या गांवाविषयीं वाङ्मयीन मासिकांत कोणी लिहील अशी अपेक्षा खुद्द सेलूकरांचीही नसेल. परंतु टीका केवळ छापील कागदावरच असते असें आम्ही मानीत नाहीं. येत्या रविवारीं कोठें जावें, कोणाचें भजन ऐकावें, कोणत्या पंगतीस बसल्यानें जाणें सार्थकीं लागेल, याविषयीं चहाच्या टपरीवर आणि एस्टीच्या थांब्यावर येथें जी देवाणघेवाण चालते, तीही टीकाच होय. आणि टीका म्हणूनच तिचें परीक्षण झालें पाहिजे. तिला गप्पा म्हणून सोडून दिलें कीं तिचे दोषही सुटून जातात.

प्रथम पाककलेकडे वळूं, कारण त्या प्रांतीं सेलूकरांची मति सर्वांत तीक्ष्ण आहे. देवळापुढें किंवा शेतांत रोडग्यांचें जेवण ठरलें कीं आदल्या दिवशीं कानीं पडणारें वाक्य साधारण या वळणाचें असतें: "गोवरीच्या आरावर भाजत असन तं जाय बाप्पा, नाही तं घरीच जेव." या एका वाक्यांत किती गोष्टी आहेत पाहा. रोडगा म्हणजे कणकेच्या थरांवर थर चढवून वळलेला गोळा. तो गोवऱ्यांच्या आरांत पुरून सावकाश भाजावा, राख झटकून फोडावा, वर तूप सोडावें आणि वांग्याच्या भाजीशीं व तुरीच्या वरणाशीं खावा. घाईनें भाजलेला रोडगा बाहेरून तांबूस दिसतो, पण आंतील थर ओलसर राहतात. शिवाय धुराचा तो मंद वास त्यास लागत नाहीं तो नाहींच. म्हणजे वरील वाक्यांत कृतीचें मर्म कोठें आहे याचें ज्ञान आहे, निर्णयास अट आहे, आणि अट पुरी न झाल्यास काय करावें हेंही सांगितलें आहे. आम्हां परीक्षणकारांकडून 'रसाळ', 'ओघवती', 'संग्राह्य' या विशेषणांची जी खिरापत वाटली जाते, तिच्याशीं हें वाक्य ताडून पाहावें. खिरापत घेऊन वाचक घरीं जातो. पुस्तक विकत घ्यावें कीं न घ्यावें हें त्यास कळलेलें नसतें.

मात्र हीच जीभ वर्ध्याच्या गोरसपाकापुढें बोथट होते. पाहुणा आला कीं गोरसपाक न्यावा असें प्रत्येकजण सांगतो. तुपाचा, खुसखुशीतपणाचा उल्लेखही कोणी करीत नाहीं. पदार्थ चांगला आहे, यांत आम्हांस शंका नाहीं. पण प्रसिद्धि झाली कीं परीक्षा थांबते, हा रोग मोठ्या ग्रंथकारांच्या बाबतींत आम्हांस परिचित होताच. हुरड्याची शिफारस तर आतां शिफारस राहिलेलीच नाहीं. ज्वारीचीं शेतें सोयाबीननें घेतलीं, तेव्हांपासून 'अमक्याच्या वावरांत हुरडा आहे' ही निव्वळ बातमी झाली. निवड करावयास दुसरें वावर असेल तर टीका!

संगीताची गोष्ट निराळी. या मुलुखांत भजन म्हणजे खंजिरी. तुकडोजी महाराजांनीं (१९०९–१९६८) ती हातीं घेऊन विदर्भाच्या खेड्यापाड्यांस सामुदायिक प्रार्थनेचें वळण लावलें, आणि त्याबरोबर श्रोत्यांच्या कानासही एक वळण लागलें. "आवाज बसला आहे, पण शब्द शेवटल्या माणसापर्यंत जातो, तेव्हां जावेंच," असा अभिप्राय येथें ऐकूं येतो. "गळा गोड, पण काय म्हणतो तें कळत नाहीं," हा प्रतिकूल. भजन हें कळण्यासाठीं असतें, ही या टीकेची मूळ भूमिका होय, आणि ती आम्हांस मान्य आहे. परंतु तिची किंमतही मोजावी लागते. पेटीवाल्यानें मध्येंच घेतलेली एखादी नाजूक जागा, तालांत किंचित मागें रेंगाळून पुन्हा समेवर येणारा हात, यांविषयीं दुसऱ्या दिवशीं अवाक्षरही निघत नाहीं. शब्दाचा कान इतका जागा असलेल्या श्रोत्यांनीं सुराचा कान निजूं द्यावा याचें आम्हांस वाईट वाटतें.

तालुक्यांतील सिंदीचा तान्हा पोळा हा या चर्चेचा वार्षिक उत्सवच म्हणावा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीं मुलें लाकडी नंदी सजवून आणतात. उंच नंदी आणि चांगला कोरलेला नंदी यांतील भेद जाणता मनुष्य लगेच सांगतो, आणि उंचीला भुलणाऱ्यास हंसतो. ग्रंथाच्या पृष्ठसंख्येस भुलणाऱ्यांनीं सिंदीस एकदां जाऊन यावें.

या टोकदारपणाचें कारण शोधूं गेल्यास तें फार साधें आहे. लहान गांवांत शिफारस करणारा मनुष्य आपली पत गहाण ठेवतो. त्याच्या सांगण्यावरून चौघे गेले आणि भात कच्चा निघाला, तर महिनाभर त्यास टपरीवर तें ऐकावें लागतें. सही करून दूर राहणाऱ्या परीक्षणकारास ही शिक्षा नाहीं. परंतु जें कारण या टीकेस प्रामाणिक करतें, तेंच तिला भित्री करतें. ज्याची खात्री आहे तेंच सांगावें, आणि खात्री आपल्या ओळखीच्या गल्लीपुरतीच असते! येथें आम्ही या परीक्षणाच्या मुख्य दोषाशीं आलों.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजीं नागपुरास डॉ. आंबेडकरांनीं लाखों अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. वामनदादा कर्डकांसारख्या कवि-गायकांनीं निर्माण केलेलें गीतभांडार आज विदर्भांत गांवोगांवीं जिवंत आहे, आणि १४ एप्रिलच्या सुमारास विहारांपुढें रात्रीच्या रात्री गाणें चालतें. शब्द शेवटल्या माणसापर्यंत जावा ही जी सेलूच्या श्रोत्यांची कसोटी, तिला हें गाणें पुरेपूर उतरतें. किंबहुना त्या कसोटीसाठींच तें बांधलेलें आहे. असें असतां खंजिरीच्या भजनाचा सल्ला देणाऱ्या मंडळींनीं "तिकडे अमुक गायक येणार आहे, चुकवूं नका," असें आम्हांस इतक्या वर्षांत एकदांही सांगितलें नाहीं. आम्हींही विचारलें नाहीं, हें येथें नमूद करणें भाग आहे. १९२८ सालीं वर्ध्याचें लक्ष्मीनारायण मंदिर जमनालाल बजाजांनीं अस्पृश्य मानलेल्यांस खुलें केलें, तें आम्ही अभिमानानें सांगतों. देवळाचें दार खुलें होऊन इतकीं वर्षें लोटलीं. टपरीवरील शिफारस मात्र अजून आपल्याच आळीचा रस्ता चालते. रोडग्याचा आर ओळखणाऱ्या माणसास शेजारचें गाणें ऐकूं येऊं नये, ही कानाची उणीव नव्हे. कान तर भोंग्यामुळें तेथवर पोंचतोच.

याला अपवाद आम्हीं पाहिला तो फेब्रुवारी २०२३ मध्यें. वर्ध्यास एकाच सुमारास अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनही भरलें होतें आणि विद्रोही साहित्य संमेलनही. बहुतेक परिचितांनीं आम्हांस यांपैकीं एकाचाच पत्ता दिला, आणि दुसऱ्याविषयीं विचारतां खांदे उडविले. एका वृद्ध सेलूकरानें मात्र दोन्ही मंडपांची माहिती सांगितली: सकाळीं येथें जा, दुपारीं तेथें जा, पुस्तकें अमुक ठिकाणीं पाहा, आणि जेवण कोठेंही चालेल, कारण दोन्हीकडे भाजी तिखटच आहे. आम्ही त्याप्रमाणें केलें. भाजी खरोखरीच तिखट होती.