भयकथा, विज्ञानकथा आणि धर्मशिक्षक

सौंसर परिसरातील एका धर्मशिक्षकाने आमच्यापुढे एक प्रश्न ठेवला. दृढीकरण संस्काराची तयारी करणाऱ्या मुलांच्या दप्तरांत नारायण धारप यांच्या भयकादंबऱ्या आढळल्या. ही मुले शाळेत हिंदी वाचतात, घरी मराठी बोलतात. नागपूरहून येणारी ही पुस्तके हेच त्यांचे मराठी वाचन होय. धर्मग्रामातील एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी ती जाळून टाकावीत असे सुचविले व इफिसकरांचा दाखला दिला. पुस्तके न वाचता उत्तर देणे आम्हांस प्रशस्त वाटले नाही. त्या वाचनातून जे मत बनले ते येथे मांडीत आहोत.

प्रथम इफिसविषयी. प्रेषितांची कृत्ये, अध्याय १९ मध्ये ५०,००० रौप्यनाण्यांची पुस्तके जाळल्याचा उल्लेख आहे. परंतु ती पुस्तके कथांची नव्हती, जादूटोण्याच्या विधींची होती. आणि ती दुसऱ्या कोणी हिसकावून जाळली नाहीत, ज्यांनी ते विधी केले होते त्यांनीच पश्चात्तापाने आणून जाळली. शिवाय त्याच्या अगोदरच स्किवाच्या सात पुत्रांची हकिगत येते. येशूवर विश्वास नसता त्यांनी त्याच्या नावाचा मंत्रासारखा वापर केला आणि भूतग्रस्ताकडून मार खाऊन ते उघडेवाघडे पळाले. या अध्यायाचा रोख पुस्तकांपेक्षा पवित्र नावाचा मंत्र करण्यावर अधिक आहे, असे आम्हांस वाटते.

आता धारप. १९२५ साली जन्मलेले आणि २००८ साली निवर्तलेले हे लेखक, २०१८ च्या 'तुंबाड' चित्रपटानंतर नव्या पिढीच्या तोंडी पुन्हा आले. त्यांचा मोठा गुण असा की, ते दुष्टाईला खोटी मानीत नाहीत. त्यांचे वाडे, माजघरे, जिने आपल्या ओळखीचे असतात. भाषा साधी असते. आणि त्या साधेपणातूनच भय हळूहळू वर येते. आपल्या प्रवचनांत सैतान हा शब्द इतका गुळगुळीत झाला आहे की, पाप हे माणसाला गिळणारे असते याची जाणीव कित्येकदा या कादंबऱ्याच अधिक तीव्रतेने करून देतात.

दोष निराळा आहे. त्यांच्या 'समर्थ' कथामालेत अमानवी शक्ती बाहेरून येते. पीडित कुटुंब बहुधा निर्दोष असते. आणि साधनेने सामर्थ्य मिळविलेला एक पुरुष तिचा पाडाव करतो. येथे सामर्थ्याशी सामर्थ्य झुंजते. पश्चात्तापाला, क्षमेला जागा उरत नाही. अशा कथांवर वाढलेले मन संकटाच्या वेळी दोन माणसे शोधू लागते: एक सोडविणारा आणि दुसरा करणी करणारा. सोडविणारा म्हणून भगत किंवा भुमका सापडतो, नाहीतर आपणच सापडतो. आणि करणी करणारी म्हणून बहुधा गल्लीतील एखादी एकाकी विधवा सापडते. महाराष्ट्राने २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा केला. परंतु सौंसर आणि पांढुर्णा त्या राज्याच्या सीमेपलीकडे आहेत. येथे त्या विधवेच्या बाजूने आधी कोणी उभे राहायचे तर धर्मशिक्षकानेच.

धारपांची 'लुचाई' स्टीफन किंग यांच्या १९७५ च्या 'सेलम्स लॉट' या कादंबरीवर बेतलेली आहे. त्या मूळ कादंबरीत एक कॅथलिक धर्मगुरू आहे. रक्तपिपासू पिशाच त्याला आव्हान देते: हातातला क्रूस टाक आणि केवळ श्रद्धेच्या बळावर माझ्यासमोर उभा राहा. धर्मगुरूला ते जमत नाही. तो क्रूसाला घट्ट धरतो आणि त्याच क्षणी क्रूसाचे तेज मावळते. लेखकाचा हेतू ईशज्ञान शिकविण्याचा नसेल. तथापि स्किवाच्या पुत्रांवर याहून चांगले भाष्य आम्ही क्वचितच वाचले आहे.

हे पान वाचताना आम्ही थांबलो, कारण ते आमच्याविषयी होते. काही वर्षांपूर्वी एका घरी आजारी मुलीसाठी आम्हांस बोलावले होते. आम्ही प्रार्थना केली, पवित्र जल शिंपडले आणि परतलो. घरच्यांचा संशय कोणावर आहे, हे आम्ही विचारले नाही. फादरांनी पाणी शिंपडले त्या अर्थी बाधा खरीच, असा अर्थ लोकांनी घेतला. आणि शेजारच्या एका वृद्धेला हापशावर पाणी भरू देईनासे झाले. त्या घरात आम्ही धर्मगुरू म्हणून गेलो होतो, 'समर्थ' होऊन बाहेर पडलो.

याउलट डॉ. जयंत नारळीकर यांच्या विज्ञानकथा. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा टोपणनावाने पाठविली आणि ती पहिली आली. २०२५ साली त्यांचे निधन झाले. त्यांच्या कथांत विश्व नियमबद्ध आहे; त्यात करणी नाही. ज्याने निर्मितीला सुव्यवस्था दिली त्या परमेश्वरावर विश्वास ठेवणाऱ्याला हे परके वाटण्याचे कारण नाही. उणीव अशी की, त्यांची पात्रे कित्येकदा विचार मांडण्यापुरतीच येतात. तरीही 'वामन परत न आला' मध्ये दुष्टाई बाहेरून येत नाही. पूर्वीच्या प्रगत संस्कृतीचे ज्ञान हाती लागते, त्यातून मानवसदृश यंत्र घडते आणि माणसाचीच महत्त्वाकांक्षा त्याच्यावर उलटू पाहते. बाबेलचा बुरूज शिकविताना ही कादंबरी जरूर वापरावी.

त्यांच्या 'प्रेषित' या कादंबरीचे नाव आपल्या कानांस ओळखीचे आहे. परग्रहावरून आलेले मूल पृथ्वीवर माणसांत वाढते, हे तिचे सूत्र. विद्यार्थी सहज म्हणतील, प्रभूही असाच आला. धर्मशिक्षकाने येथे सावध असावे. तो परग्रहवासी माणसांत राहतो, पण माणूस नव्हे. शब्द मात्र खरोखर देहधारी झाला, भुकेला, रडला आणि मेला. प्रभूचा देह हा केवळ आभास, असे मानणाऱ्या प्राचीन पाखंडाचे खंडन यापेक्षा सोप्या उदाहरणाने करता येणार नाही.

सी. एस. लुइस यांनी १९३८ च्या 'आउट ऑफ द सायलेंट प्लॅनेट' मध्ये मंगळावरील जीव निष्पाप दाखविले आणि दुष्टाई पृथ्वीवरून तेथे नेली. राक्षस आपल्यासोबतच प्रवास करतो, हे त्यांनी ओळखले होते. अशी दृष्टी असलेली कादंबरी कोणा मराठी ख्रिस्ती लेखकाने लिहावी, ही आमची इच्छा.

तेव्हा धर्मशिक्षक बंधूंस आमचे उत्तर असे: पुस्तके जाळू नयेत, मुलांबरोबर वाचावीत. वाचून झाल्यावर तीन प्रश्न विचारावेत. या कथेत दुष्टाई कोठून आली? ती कशाने हरली? आणि ती हरल्यावर कोणाला क्षमा मिळाली? तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक कादंबऱ्या निरुत्तर होतील. तेथून आपला पाठ सुरू होतो. आणि पुढच्या वेळी कोणी पवित्र जल मागावयास आले, तर आधी शेजारच्या घराचीही चौकशी करावी.