डॅशबोर्ड उतरवणारे हात

जुन्या गाडीचं बॉनेट उघडलं की चार माणसं आपोआप जमतात. डॅशबोर्ड उतरवायला बसलेल्या माणसाकडे मात्र कुणी ढुंकून बघत नाही. बघण्यासारखं असतं तरी काय? दाराबाहेर लोंबणारे दोन पाय, आणि आतून मधूनच ‘बॅटरी इकडे मार’ अशी हाक. कामोठ्यातल्या एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये प्रीमियर पद्मिनीचा डॅशबोर्ड उतरताना मी पाहिला, आणि कारागिरीचा खरा कस इंजिनात नाही, इथे लागतो, असं माझं मत झालं. इंजिनाचे भाग झीज सोसायलाच बनवलेले असतात, आणि ते पुन्हा मिळतातही. डॅशबोर्डचे भाग एकदाच बसवून विसरून जायचे म्हणून बनवलेले.

पद्मिनी ही कुर्ल्याची लेक. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सनं फियाट 1100 ची इथली आवृत्ती काढली. ती आधी ‘डिलाइट’, मग ‘प्रेसिडेंट’ आणि 1974 पासून ‘पद्मिनी’ झाली. कामोठ्याच्या बहुतेक इमारती तिच्यापेक्षा वयानं लहान आहेत. पण खाडीवरून येणारा खारा, दमट वारा तिला इथेही चुकलेला नाही, आणि डॅशबोर्डमागच्या पत्र्याला अन् स्क्रूंना त्याचा हिशेब चुकवावा लागतोच.

तो उतरवणाऱ्या मिस्त्रींची पहिली कृती अगदी साधी होती. बॅटरीची मायनसची तार काढून त्यांनी बाजूला बांधून ठेवली. डॅशबोर्डमागे जुन्या, कडक झालेल्या वायरींचं जंगल असतं. त्यात पाना कुठेतरी टेकला की ठिणगी पडते, आणि चाळीस वर्षं टिकलेलं वायरिंग क्षणात जळतं. त्यानंतर बराच वेळ त्यांनी हत्यार उचललंच नाही, नुसतं बघत राहिले. नंतर प्रत्येक वायरीला कागदी टेप लावून त्यावर पेनानं खूण केली. इथे माझी एक तक्रार आहे. फोटो त्यांनी काढले नाहीत, ‘डोक्यात आहे’ म्हणाले. हाताखालच्या पोरानं गुपचूप काढून घेतले. मला तो पोरगा जास्त शहाणा वाटला.

स्क्रूपाशी आल्यावर त्यांची चाल बघण्यासारखी होती. गंज सैल करणारं तेल आदल्या संध्याकाळीच सोडलेलं. स्क्रू ड्रायव्हरचं टोक खाचेत गच्च बसेल असंच निवडलेलं, कारण बारीक टोक निसटलं की खाच जाते आणि शेजारच्या रंगावर ओरखडा उठतो. आणि स्क्रू सोडवण्याआधी त्यांनी तो किंचित आवळला. गंजाची पकड तुटते ती या उलट्या झटक्यानं. पुढे निघालेला प्रत्येक स्क्रू त्यांनी परत त्याच्याच भोकात दोन आटे फिरवून ठेवला. हे मला सगळ्यात आवडलं. डब्यात एकत्र टाकलेले स्क्रू सारखेच दिसतात, पण लांबी वेगळी असते. लांब स्क्रू आखूड जागी गेला तर मागची वायर भोसकतो.

खरा नाजूक प्रसंग स्पीडोमीटरचा. समोरचे स्क्रू निघाले की मीटर पुढे येईल असं वाटतं, आणि अननुभवी माणूस तो ओढतो. पण गिअरबॉक्सकडून आलेली केबल मागे आट्याच्या गोल नटानं धरून ठेवलेली असते. ओढलं की केबलला मुरड पडते. पुढे काटा थरथरतो, केबल कुरकुरते आणि एक दिवस आतली तार तुटते. मिस्त्री आधी बॉनेटकडे गेले. केबलच्या क्लिपा सैल करून त्यांनी ती इंजिनाच्या बाजूनं आत थोडी ढकलली. मग मीटर बोटभर पुढे आला, मागे हात गेला, नट पक्कड न लावता बोटांनी फिरला. पुढून अडलेलं काम मागून सोडवायची ही युक्ती कुठल्याही मॅन्युअलच्या आकृतीपेक्षा देखणी होती. बल्बचे होल्डरही त्यांनी वायर धरून न ओढता धातूच्या कडेला धरून काढले. काचेआडच्या आकड्यांवर धूळ होती. पोरानं स्पिरिटचा बोळा पुढे केला, तर मिस्त्रींनी त्याचा हात धरला. स्पिरिटनं धूळ जाते, त्याबरोबर छापलेले आकडेही जातात.

प्लास्टिक आणि रेक्झिनबाबत मात्र हाताइतकंच ऊनही कामाला येतं. पीव्हीसीला मऊपणा देणारी द्रव्यं वर्षानुवर्षांच्या उष्णतेनं उडून जातात, आणि उरतं ते वाळलेल्या पापडासारखं कडकडीत. म्हणून ते जरा नरमावं यासाठी गाडी आधी तासभर उन्हात उभी केली होती. कड उचकटायला लोखंड वापरलं नाही, बांबूची कामटी वापरली. तरी एका टोकाला तडा गेलाच. तो आधीचाच होता की आत्ताचा, यावर थोडी चर्चा झाली.

फियाटचं गाव तुरीन. जुन्या गाड्यांच्या जतनासाठी ‘फिवा’ या आंतरराष्ट्रीय महासंघानं केलेली सनदही त्याच गावाच्या नावानं ओळखली जाते. मूळ भाग जपा, हस्तक्षेप कमीत कमी करा, असं ती सांगते. तुरीनचं नावही न काढता मिस्त्री तेच करत होते. याउलट आपल्याकडे ‘रिस्टोअर’ म्हणून पुष्कळदा जे चालतं, ते म्हणजे जुना डॅशबोर्ड भंगारात आणि नव्या रेक्झिनचा झगमगाट. तसला डॅशबोर्ड मला उसना वाटतो.

2021 च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला 50 वर्षं उलटलेली, मूळ रूपातली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते, आणि तिच्या नंबरप्लेटवर ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. पहिल्या पद्मिनी आता त्या वयाच्या झाल्या आहेत. तुमच्या घरी किंवा गावाकडच्या गोठ्यात अशी एखादी उभी असेल, तर डॅशबोर्ड उघडण्याआधी कारागिराला एवढंच विचारा: काढलेले स्क्रू कुठे ठेवणार? ‘डब्यात’ म्हणाला, तर दुसरा कारागीर शोधा.