कराडकरांचं गॅरेज आणि आंबवण्याची कला

मंडळाच्या स्मरणिकेत परदेशात जपलेल्या कलांचं कौतुक होतं, ते योग्यच आहे. नाटक, भजन, लेझीम, रांगोळी यांना तिथं मानाची जागा असते. यंदा मला स्वयंपाकघरातल्या एका जुन्या कलेबद्दल लिहायचं आहे: धान्य भिजवणं, मोड आणणं, आंबवणं आणि वेळेवर थांबणं. कराड, मसूर, उंब्रज, पलूस या पट्ट्यातून अमेरिकेत आलेले आम्ही काही मित्रमैत्रिणी एकत्र जमून एका घराच्या गॅरेजमध्ये बिअर बनवतो आणि त्या निमित्तानं ही कला हातात ठेवतो.

बिअरचं नाव काढल्यावर काहींच्या कपाळाला आठी पडेल, म्हणून कायद्याचं आधी सांगतो. १९७८ साली अध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्यानं अमेरिकेत घरगुती बिअरला मोकळीक मिळाली. घरात एकच प्रौढ असेल तर वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा जास्त असतील तर २०० गॅलन. विकायला मात्र बंदी. राज्यांचे कायदे वेगवेगळे होते. अलाबामा आणि मिसिसिपी या राज्यांनी २०१३ साली परवानगी दिली. इंग्लंडमध्ये घरी बिअर करण्यासाठी लागणारा परवाना १९६३ सालीच रद्द झाला होता.

आमच्या गटाला धान्याची पहिली समज दिली ती पलूसच्या मैत्रिणीनं. तिनं आईच्या हाताखाली नाचणीचं सत्त्व केलेलं. नाचणी भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, वाळवायची, भाजून दळायची. बार्लीचं माल्ट याच वाटेनं तयार होतं. मोड येताना दाण्यात स्टार्चची साखर करणारी एन्झाइम तयार होतात आणि वाळवलं की मोडाची वाढ थांबते. सत्त्व केलेल्या हाताला माल्ट वेगळं शिकवावं लागत नाही.

त्या बार्लीच्या जोडीला आम्ही ज्वारी घेतो. कॅन्ससमध्ये ती भरपूर पिकते. ज्वारीला मोड मात्र आम्ही आणत नाही, कारण तिच्या कोवळ्या कोंबातून सायनाइड तयार होऊ शकतं. कोवळी ज्वारी खाऊन जनावर दगावतं हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला कुणी सांगावं लागत नाही. आम्ही ज्वारीच्या कण्या करतो. तिच्यातला स्टार्च बार्लीपेक्षा जास्त उष्णतेला शिजतो, म्हणून कण्या आधी वेगळ्या शिजवायच्या आणि मग माल्टमध्ये मिसळायच्या. ६५ ते ६८ अंशांवर तासभर ठेवलं की पाणी गोड होतं. ते गाळून घ्यायचं, हॉप्स घालून तासभर उकळायचं आणि शेवटी गूळ घालायचा. कराडच्या पेठेत गुळाच्या ढेपा बघत वाढलेल्या माणसांना दुसरी साखर सुचली नाही. गुळातली जवळजवळ सगळी साखर यीस्ट खाऊन टाकतं, त्यामुळं बिअर गोड न होता हलकी होते आणि काकवीचा पुसट वास मागे राहतो.

उकळी फुटताना भांड्याजवळ जो उभा राहतो त्याची नजर गुऱ्हाळातल्या गुळव्यासारखी लागते. काहिलीतली मळी काढणारा, चुलवाणाचा जाळ कमी-जास्त करायला सांगणारा गुळव्या आमच्यातल्या बहुतेकांनी लहानपणी पाहिला आहे. गुऱ्हाळावर आलेल्याला रस पाजल्याशिवाय कुणी सोडत नसे. आमच्याकडंही तीच रीत आहे. कुणी दळतो, कुणी भांडी निर्जंतुक करतो, कुणी बाटल्या भरतो आणि न पिणाऱ्यांसाठी ताकातली आंबील तयार असते. त्यांच्याशिवाय आमचं काम पुरं होत नाही.

पुढचं काम यीस्टचं. उकळलेलं गोड पाणी २० अंशांच्या आसपास थंड करून यीस्ट घालायचं आणि दोन आठवडे झाकण उघडायचा मोह आवरायचा. हायड्रोमीटरवरचा आकडा १.०५० वरून १.०१० वर आला की अल्कोहोल सव्वापाच टक्क्यांच्या आसपास आहे असं समजायचं. बाटलीत भरताना थोडी साखर घालतात, तिच्यानं फेस धरतो. ती जास्त झाली किंवा आंबणं पुरं व्हायच्या आत बाटली भरली तर काच फुटते. स्वच्छता, मोजमाप आणि धीर या तीन गोष्टींना इथं पर्याय नाही.

ज्वारी मूळची आफ्रिकेची. दक्षिण आफ्रिकेत ज्वारी आणि मक्यापासून उम्कोंबोथी नावाची बिअर करतात. ती परंपरेनं बायका करतात आणि सगळे मिळून एकाच भांड्यातून पितात. धान्य आंबवून वाटून घेणारी माणसं जगभर आहेत, हे कळल्यापासून आम्हाला आमच्या छंदाची थोरवी जास्त वाटते.

दारूनं उद्ध्वस्त झालेली घरं आम्ही गावाकडं पाहिली आहेत. गावातलं दुकान बंद करण्यासाठी आडव्या बाटलीला मत देणाऱ्या बायांबद्दल आमच्या मनात आदर आहे. म्हणून गटाचे नियम कडक आहेत: गाडी चालवणारा पिणार नाही, कुणाला आग्रह होणार नाही, एक पैसाही घेतला जाणार नाही. सुट्टीत कराडला गेल्यावर हा उद्योग करायचा नाही हेही ठरलेलं आहे. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यामुळं परवान्याशिवाय घरी बिअर करता येत नाही. तिथं ताजी बिअर परवानाधारक ब्रूअरीत मिळते. पुण्यात डुलाली या ब्रूअरीनं २००९ साली त्याची सुरुवात केली.

वाचकांना माझी एक विनंती आहे. बिअर करा असं मी म्हणत नाही. तुमच्या घरी सत्त्व, आंबील, कुरडयांचा चीक असं जे काही भिजवून-आंबवून होत असेल, ते आई-आजी आहेत तोवर त्यांच्या शेजारी उभं राहून शिका आणि इथल्या मुलांना हाताशी घेऊन शिकवा. वाचून ही कला येत नाही. आणि ज्वारी दळायला माणसं कमी पडतात, तेव्हा आमच्या गॅरेजमध्येही जरूर या.