पन्हाळेकाजी : रम्यतेच्या आड

दापोलीविषयी मराठीत जे लिहिले जाते त्यात थंड हवा, सुरूची बने आणि आंबा-काजूच्या बागा हमखास असतात. माणसे फारशी नसतात. असलीच तर बागेत खपताना दिसतात, तीही झाडांसारखीच मुकी. दापोली तालुक्यातील पन्हाळेकाजीच्या लेण्यांचे वर्णन रविवारच्या पुरवण्यांतून येते तेही ह्याच साच्यातले. नदीचा काठ, गर्द झाडी, निरव शांतता आणि 'निसर्गाच्या कुशीत दडलेला शिल्पांचा खजिना'. ह्या 'कुशीत दडलेला' शब्दांशी माझे भांडण आहे. ह्या शिल्पांपैकी एकही निसर्गाच्या कुशीतून आलेले नाही. कोणीतरी ती पोटासाठी कोरली, कोणीतरी त्यांचा खर्च केला, आणि पुढे आलेल्या दुसऱ्या कोणीतरी त्याच भिंतींत आपले देव बसवले. हा सगळा व्यवहार झाडीआड गेला की वर्णन करणाऱ्याचे काम सोपे होते.

गेल्या डिसेंबरात आम्ही सातजण तिथे गेलो. दोघे शिक्षक, बाकीचे महाविद्यालयात शिकणारे. दापोली-खेड रस्ता सोडून आत वळले की डोंगर उतरत उतरत गाडी कोटजाई नदीच्या खोऱ्यात येते. वर पठारावर जांभा, खाली नदीपाशी काळा कातळ. त्या कातळात उजव्या काठाने ओळीने अठ्ठावीस लेणी आणि तिथून थोड्या अंतरावर गौर लेणे, एकूण एकोणतीस. अजिंठा-वेरूळ पाहिलेल्याचे डोळे इथे दिपणार नाहीत. लेणी लहान आहेत, पावसाने दगड खाल्ला आहे, काही मूर्तींचे चेहरे हाताने चाचपल्याखेरीज कळत नाहीत. तरीही पाहणाऱ्याला जरा सवड असेल तर महाराष्ट्राच्या धार्मिक इतिहासाचे हजारेक वर्षांचे थर इथे अर्ध्या दिवसात पायाखालून जातात.

हे थर वाचून दाखवण्याचे मोठे काम मधुसूदन नरहर देशपांडे ह्यांनी केले. पुरातत्त्व खात्याच्या सर्वोच्च पदापर्यंत गेलेला हा संशोधक. पन्हाळेकाजीवरील त्यांचा ग्रंथ खात्याने १९८६ साली प्रसिद्ध केला. गावात सापडलेला ११३९ सालचा शिलाहार ताम्रपट, त्यातील 'प्रणालक' हे स्थलनाम आणि प्रत्यक्ष लेणी ह्यांचा मेळ त्यांनी घातला. त्यांच्या मांडणीप्रमाणे इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या सुमारास हीनयान पंथाच्या भिक्षूंनी इथे सुरुवात केली. पुढे दहाव्या-अकराव्या शतकांत वज्रयान आले. महाचंडरोषण ह्या देवतेची मूर्ती दहाव्या लेण्यात आहे. शिलाहारांच्या काळात शिवपूजा व गणेशपूजा आली, छतावर पुराणकथांचे प्रसंग कोरले गेले, आणि त्यानंतर नाथपंथ आला. दाभोळसारखे जुने बंदर ह्याच तालुक्यात आहे हेही ध्यानात घ्यावे. लेणी आणि व्यापारी मार्ग ह्यांचे नाते दामोदर धर्मानंद कोसंबी ह्यांनी कार्ल्याच्या परिसरात हिंडून दाखवून दिले होते. भिक्षू एकांतासाठी रानात गेले हे अर्धेच खरे आहे. ज्या वाटेने माल जात होता त्या वाटेवर ते बसले होते.

आम्ही पाचव्या लेण्यापाशी असताना दुसरी एक मंडळी आली. त्यांतील एका वयस्कर गृहस्थांनी नातवाला सांगितले, "हे सगळं पांडवांनी एका रात्रीत कोरलं. कोंबडा आरवला म्हणून काम अर्धं राहिलं." गृहस्थ सज्जन होते, आम्हालाही त्यांनी शेंगदाण्याचे लाडू दिले. ही कथा त्यांनी रचलेली नाही. महाराष्ट्रात जिथे जिथे लेणे आहे तिथे तिथे ती सांगितली जाते आणि सगळे तिला लोककथा म्हणून हसून सोडून देतात. मला ती इतकी निरुपद्रवी वाटत नाही. 'एका रात्रीत' म्हटले की पिढ्यान्‌पिढ्यांची छिन्नी-हातोडी गेली. 'पांडवांनी' म्हटले की भिक्षू गेला, दाता गेला आणि पाथरवटही गेला. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दाराशी धेनुकाकटचा सुतार सामी ह्याचे नाव आजही कोरलेले आहे. दोन हजार वर्षांपूर्वी एका सुताराला आपल्या कामाखाली आपले नाव घालता आले. पांडवकथा ह्या सामीला दुसऱ्यांदा मारते, आणि तेही लाडू वाटता वाटता.

आपल्याकडच्या शिकलेल्या रसिकाची गोष्ट वेगळी. त्याला पांडवकथा पटत नाही. त्याला 'आकार' पटतो. मर्ढेकरांनी संवाद, विरोध आणि समतोल अशी लयतत्त्वे मांडली आणि सौंदर्यानुभवाला लौकिक प्रयोजनांपासून अलग केले. त्या विचाराचा धाक मराठी समीक्षेवर किती वर्षे होता हे इथे सांगायला नको. त्या नजरेने पन्हाळेकाजी पाहिले तर काय हाती लागते? काळ्या कातळाची सपाटी, तिला छेद देणारा स्तंभ, खाली वाहते पाणी : एक उत्तम लयबद्ध रचना. हा अनुभव खोटा आहे असे मी म्हणणार नाही. मलाही तो आला. पण भिक्षूच्या निवासात शिवलिंग का आले, कोणाच्या सत्तेत आले, खर्च कोणी केला, हे प्रश्न त्या अनुभवात शिरू शकत नाहीत. आकार पाहणाऱ्याला बदललेली पूजा दिसत नाही, आणि ह्या खोऱ्यातला इतिहास तर मुख्यतः बदललेल्या पूजेचाच आहे.

उघड्या रानातील शिल्प पाहणाऱ्याची नजर कशी घडवते ह्याचे दुसरे उदाहरण आपल्या काळातले आहे. कोल्हापूरजवळ कणेरीच्या सिद्धगिरी मठाच्या आवारात माणसाच्या मापाच्या पुतळ्यांचे एक अख्खे गाव उभे केले आहे. लोहार ऐरणीवर, कुंभार चाकावर, बारा बलुतेदार आपापल्या जागी. शाळांच्या सहली तिथे लोटतात. कारागिरी चांगली आहे; बैलाच्या खांद्यावरची घडीसुद्धा हुबेहूब. पण पुतळा काम करताना दाखवता येतो, कामाची सक्ती पुतळ्यात दाखवता येत नाही. बलुते हे घेणाऱ्याच्या पदरात कसे टाकले जाई, पाणवठा कोणाला बंद होता, हे त्या गावात शिरणाऱ्या मुलाला कोण सांगणार? ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी खेड्याच्या ह्याच स्वयंपूर्ण चित्रावर कठोर आघात केला होता. ते चित्र पुन्हा तयार झाले आहे, आणि आता त्याला तिकीट आहे. त्यामानाने पन्हाळेकाजीचा झिजलेला दगड प्रामाणिक वाटतो. वरचा थर आला तरी खालचा तिथे पुरता पुसला गेलेला नाही.

आता थोडे आपल्या माणसांविषयी. आमच्यातील एक तरुण कार्यकर्ता लेण्यालेण्यासमोर उभा राहून म्हणत होता, "हे आपलं. हेही आपलं. हे त्यांनी बळकावलं." त्याची तळमळ मला कळते. रमाईंचे वणंद गाव ह्याच तालुक्यातले, बाबासाहेबांचे आंबडवे शेजारच्या मंडणगड तालुक्यात. आणि त्या भूमीत बुद्धाची ओळख आपल्याला १९५६ नंतर पुन्हा करून घ्यावी लागली. संताप यावा अशीच ही गोष्ट आहे. पण बळकावले म्हणायचे तर छिन्नीची खूण दाखवावी लागेल. मोडलेले कुठे, झिजलेले कुठे, ओस पडलेली जागा नंतर आलेल्यांनी वापरली ती कुठे, हे वेगवेगळे सिद्ध करावे लागेल. पुरावा नसलेला दावा प्रस्थापितांना फार आवडतो. तो खोडायला सोपा असतो.

शिवाय 'आपले' म्हणजे सगळे निर्मळ, असेही नाही. दहाव्या लेण्यातील महाचंडरोषण पाहून काहीजण हरखले : बुद्धाच्या परंपरेतही असा खड्गधारी देव! मला त्या मूर्तीपुढे निराळे आठवले. वज्रयानाच्या ग्रंथांतून डोंबी, चांडाली अशा स्त्रिया वारंवार येतात. जातीचे विटाळ-शास्त्र तिथे उलटे टाकलेले आहे हे खरे, आणि ते धाडसाचे आहे. पण उलटे टाकताना त्या स्त्रीला विचारले होते काय? साधकाच्या सिद्धीचे साधन म्हणून तिची थोरवी गायिली आहे. गावकुसाबाहेरच्या बाईचे शरीर पवित्र ठरवले तरी ते दुसऱ्याच्याच उपयोगाचे राहिले. बाबासाहेबांनी आपल्याला दिलेल्या धम्मात ह्या तंत्रमार्गाला जागा नाही, आणि लेण्यात त्याची मूर्ती सापडली म्हणून आपण तो अंगावर घेण्याचे कारण नाही.

मला सर्वांत अधिक गुंतवून ठेवले ते गौर लेण्याने. तिथे आणि चौदाव्या लेण्यात नाथपंथाची शिल्पे आहेत; मत्स्येंद्र, गोरक्ष आहेत, आणि गौर लेण्यात चौऱ्याऐंशी सिद्ध आहेत. एकाशेजारी एक बसलेल्या लहान लहान आकृती. अभ्यासक त्यांची संख्या मोजतात, त्यावरून पंथ ठरवतात आणि पुढे जातात. चौऱ्याऐंशी सिद्धांच्या कथा तिबेटी भाषेत जतन झाल्या आहेत. त्या यादीत राजे आणि ब्राह्मण आहेत; पण चांभार आहे, लोहार आहे, परीट आहे, विणकर, कुंभार आणि कोळीही आहे. चार स्त्रिया आहेत. कितीतरी कथांत गुरू त्या माणसाला धंदा सोडायला सांगत नाही. चामडे शिवताशिवता, भाता ओढताओढताच त्याला ज्ञान होते. ती तिबेटी यादी ह्या कोकणी कातळावर चिकटवता येणार नाही; दख्खनच्या नाथांनी आपले सिद्ध कोणते मानले हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. तरी प्रश्न उरतोच. ज्ञानाचा अधिकार कोणाला, ह्या वादात चांभार-लोहारांना सिद्ध म्हणून बसवणारी एक परंपरा ह्या देशात होती, आणि तिची चौऱ्याऐंशी माणसे दापोली तालुक्यातल्या एका अंधाऱ्या लेण्यात बसून आहेत. दलित साहित्याची पूर्वपरंपरा शोधताना आपण बुद्धावरून थेट चोखोबांकडे येतो. मधल्या शतकांसाठी आपण पन्हाळेकाजीची वाट धरलेली नाही. एका परीने तो दोष आपलाच. देशपांड्यांचा ग्रंथ इंग्रजीत आहे आणि आमच्या पाच विद्यार्थ्यांपैकी एकानेही त्याचे नाव ऐकले नव्हते.

दुपारी भाकऱ्या सोडल्या त्या एका लहान लेण्याच्या ओसरीत. बोलता बोलता दापोलीच्या शाळेचा विषय निघाला. दापोलीचा कॅम्प म्हणजे निवृत्त महार सैनिकांची वस्ती. १८८८ साली 'विटाळ-विध्वंसन' लिहिणारे गोपाळबाबा वलंगकर तिथलेच, सुभेदार रामजीही निवृत्तीनंतर काही काळ तिथे राहिले. १८९० नंतरच्या वर्षांत ह्या पेन्शनरांनी आपल्या मुलांना नगरपालिकेच्या शाळेत घ्यावे म्हणून अर्ज केले. खूप झगडल्यावर मुलांना जागा मिळाली ती शाळेच्या व्हरांड्यात. आत फळा, बाहेर आपली मुले. ज्या तालुक्यात हजार-दीड हजार वर्षांपूर्वी भिक्षू ओसरीत बसून शिकत-शिकवत असतील, त्याच तालुक्यात ओसरी ही शिक्षा झाली. हे मी बोलून गेलो तेव्हा आमच्यातील एक मुलगी उठली, तिने वितीने ओसरीची लांबी मोजली आणि म्हणाली, "सर, हिच्यात पंधरा पोरं दाटीवाटीनं बसतील." कोणी काही बोलले नाही.

गाडीवाला घाई करू लागला होता. गौर लेण्यातील मोजणी टॉर्च मंदावल्यामुळे छप्पन्नवर थांबली होती. पुढल्या खेपेस दोन टॉर्च आणि एक मोजपट्टी न्यायची असे ठरले.