‘नाही लागत’ला किती गुण?

प्रबंधातलं ‘संशोधनाची साधने’ हे प्रकरण उघडलं की एक वाक्य हमखास भेटतं: ‘मूळ इंग्रजी प्रश्नावलीचे मराठीत भाषांतर करून ती वापरण्यात आली.’ त्याच्या खाली क्रोनबॅक अल्फाचा एक समाधानकारक आकडा, आणि विषय संपला. पीईटी देऊन नुकतेच नोंदणीच्या रांगेत लागलेले अनेक जण हे वाक्य जसंच्या तसं उचलतात. त्या वाक्यात किती काय लपतं ते आज पाहू.

उदाहरण आपल्या गावातलंच घेऊ. तिशीच्या पुढच्या प्रत्येकाचा जो सीबॅक फॉर्म आशाताई भरतात, त्यात तंबाखू, कमरेचा घेर, खोकला असं सगळं झाल्यावर दोन प्रश्न मनाबद्दल येतात. हे दोन प्रश्न म्हणजे पीएचक्यू-२. गेल्या दोन आठवड्यांत कामात रस किंवा आनंद वाटला नाही असं किती दिवस झालं, आणि उदास, हताश किती दिवस वाटलं. प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण ६. नऊ प्रश्नांची मूळ पीएचक्यू-९ क्रोएन्के, स्पिट्झर आणि विल्यम्स यांनी २००१ साली मांडली. तिच्यातलेच हे पहिले दोन प्रश्न.

आता हा फॉर्म बाई स्वतः वाचत नाही. आशाताई ओट्यावर बसून विचारते. ‘रस’ हा शब्द उसाच्या पट्ट्यात गुऱ्हाळाकडे जातो, म्हणून ती तो आपसूक बदलते आणि म्हणते, “काकू, कामात मन लागत नाही असं होतं का?” हे मराठी इंग्रजीपेक्षा चांगलंच आहे. पण काकू उत्तर देतात, “नाही लागत.”

इथे थांबा. या ‘नाही’चा अर्थ ‘हो’ आहे. नकारार्थी प्रश्नाला आपण असंच उत्तर देतो. वाक्याला दुजोरा द्यायचा तर त्यातला नकार परत म्हणतो. पण फॉर्मवर पहिला पर्याय आहे ‘अजिबात नाही’, शून्य गुण. दिवसभरात बऱ्याच घरांचे फॉर्म उरकायचे असतील तर ‘नाही’ ऐकल्यावर पेन कुठे जाईल? आणि हा शून्य नेमका कुणाला मिळेल? जिच्यासाठी हा प्रश्न फॉर्ममध्ये घातला, तिलाच.

ही चूक कुठल्या चाळणीत सापडते? उलट भाषांतरात सापडत नाही. ब्रिस्लिन यांच्या १९७० च्या लेखापासून ती पद्धत रूढ झाली: एकाने मराठी करायचं, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने परत इंग्रजी करायचं. पण दुसरा माणूसही इंग्रजी शिकलेलाच असतो. त्याला ‘रस’ दिसला की इंग्रजी शब्द आपोआप सुचतो. दोन्ही इंग्रजी मजकूर जुळतात, मार्गदर्शक सही करतात, आणि ‘रस’ काकूंना कळला का हे कुणी विचारलेलंच नसतं.

अल्फाचं काय? अल्फा एवढंच सांगतो की प्रश्नांची उत्तरं एकमेकांबरोबर किती वर-खाली होतात. सगळे प्रश्न मिळून निराशेऐवजी निव्वळ थकवा मोजत असले तरी तो चांगलाच येईल. याउलट, नऊ प्रश्नांच्या प्रश्नावलीत हा नकाराचा गोंधळ झाला तर तो प्रश्न बाकीच्यांशी जुळणार नाही. मग एसपीएसएसमध्ये ‘हा प्रश्न वगळल्यास अल्फा’ असा रकाना असतो, त्यात आकडा वाढलेला दिसतो आणि आपण प्रश्नच काढून टाकतो. म्हणजे नैराश्याच्या दोन मुख्य लक्षणांपैकी एक गेलं, पण तक्ता सुंदर झाला. मला यापेक्षा कमी अल्फा असलेला प्रामाणिक तक्ता परवडेल.

उत्तरांचे पर्याय हे आणखी एक दुखणं. ‘काही दिवस’ला १ गुण आणि ‘निम्म्याहून जास्त दिवस’ला २. पहिल्याचं भाषांतर कुणी ‘बरेच दिवस’ केलं की शिडीच उलटते, कारण कानाला ‘बरेच’ हे ‘निम्म्याहून जास्त’पेक्षा मोठं वाटतं.

कुटुंबाबद्दलच्या प्रश्नावल्यांत तर हे जास्तच होतं. स्मिल्कस्टाइन यांची १९७८ ची ‘फॅमिली अपगार’ पाचच प्रश्नांची आहे: अडचणीत घरच्यांची मदत मिळते का, ते तुमच्याशी बोलतात का, वगैरे. दिसायला सोपी. पण आपल्याकडे अनेक बायका ‘आमच्या घरचे’ म्हणतात तेव्हा त्यांना नवराच म्हणायचा असतो. ‘कुटुंब’ म्हटलं तर शेजारी बसलेल्या सासूबाईही त्यात आल्या. आणि पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडचं जोडपं ऊसतोडीला गेलं की मुकादमाच्या हिशेबात ते एक ‘कोयता’ असतं, मुलं गावी आजीपाशी. हंगामात ‘तुमचं कुटुंब’ म्हणून विचारलं तर उत्तर कोपीवरच्या दोघांचं धरायचं की गावातल्या घराचं? हे भाषांतर करणाऱ्याने सोडवायचं कोडं नाही. कोणतं कुटुंब मोजायचंय ते आधी संशोधकानेच ठरवायला हवं.

मग काय, तालुक्यागणिक वेगळी प्रश्नावली करायची? पोर्तुगीज भाषेत जीवनमान मोजणाऱ्या ‘डब्ल्यूएचओक्यूओएल-ब्रेफ’ची ब्राझीलची आवृत्ती वेगळी आणि पोर्तुगालची वेगळी आहे, दोन्ही स्वतंत्रपणे तपासलेल्या. भाषा एक म्हणून काम एकात भागवलं नाही. अकोल्याची आणि जामखेडची बोली वेगळी असली तरी तेवढी फारकत मला दिसत नाही. लिखित मराठी एकच चालेल. तपासायला हवी ती बोललेली. आशाताई किंवा तुमचा अन्वेषक प्रत्यक्ष कोणतं वाक्य बोलतो ते संमती घेऊन रेकॉर्ड करा, आणि प्रश्न झाल्यावर बाईंना विचारा, “आत्ता तुम्हाला काय विचारलं, तुमच्या शब्दांत सांगा.” त्यानंतर अल्फा. आणि जमलं तर, गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य सेवेत विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी पाच प्रश्नावल्यांची तुलना केली (२००८) तसं, स्वतंत्र मुलाखतीत झालेल्या निदानाशी गुण ताडून पाहा. हे खर्चिक आहे, एकट्या विद्यार्थ्याला झेपेलच असं नाही. पण मग ‘प्रमाणित’ हा शब्द तरी लिहू नये.

जाता जाता कट-ऑफबद्दल. पीएचक्यू-२ च्या २००३ च्या मूळ अभ्यासात ३ किंवा त्याहून जास्त गुण ही मर्यादा सुचवली आहे. सीबॅकवर ३ पेक्षा जास्त गुण असतील तर पुढे पाठवा अशी सूचना आहे. म्हणजे बरोबर ३ गुण मिळालेली बाई एका कागदाप्रमाणे डॉक्टरांकडे जाते, दुसऱ्याप्रमाणे घरीच राहते. ‘तीनपासून पुढे’ आणि ‘तीनच्या पुढे’ यांतला फरक तुमच्या अन्वेषकाला विचारून पाहा.