घरातले कॅमेरे आणि घाटावरची सनई

रिॲलिटी शो पाहून समाजातले वांशिक संबंध कळतात का, हा या टिपणाचा प्रश्न आहे. आमच्यासारखी शिक्षकमंडळी असा प्रश्न निघाला की नाक मुरडतात. मी ते करणार नाही. तुम्ही हे कार्यक्रम पाहता, मीही पाहिले आहेत, आणि त्यांतून काही दिसते हे मला मान्य आहे. नेमके काय दिसते आणि काय दिसत नाही, एवढेच तपासू.

२००७ च्या जानेवारीत ब्रिटनच्या चॅनल फोरवर ‘सेलिब्रिटी बिग ब्रदर’ चालू होते आणि त्या घरात मुंबईत वाढलेली शिल्पा शेट्टी होती. सगळ्यांत मोठे भांडण पेटले ते रश्श्यात घालायच्या ऑक्सोच्या वड्यांवरून. जेड गुडीने शिल्पाच्या नावापुढे आडनाव म्हणून ‘पापडम’ जोडले. जेडच्या आईला शिल्पाचे नाव उच्चारता येईना, आणि येईना याचे तिला काही वाटेना. भारतीय लोक हाताने जेवतात यावरही शेरे झाले. ऑफकॉम या नियामक संस्थेकडे ४४ हजारांहून जास्त तक्रारी गेल्या. त्याच आठवड्यात भारतात आलेले अर्थमंत्री गॉर्डन ब्राऊन यांना इथे त्याबद्दल बोलावे लागले.

इथे या प्रकाराचे बळ दिसते. ‘तुम्ही वंशभेद मानता का?’ असा प्रश्न छापून कोणाच्या हातात दिला, तर उत्तर ‘नाही’ असेच येणार. तुच्छता राहते ती स्वयंपाकघरात, उच्चारात, कोणाच्या हातचे खायचे यात. ती टिपायला सर्वेक्षणापेक्षा दिवसरात्र चालणारा कॅमेरा बरा.

पण माझा विषय यंत्र अभियांत्रिकी, म्हणून मला लगेच ताण-चाचणी आठवते. चाचणीसाठी नमुना घडवताना आपण तो मध्ये मुद्दाम बारीक करतो, म्हणजे तुटला तर तिथेच तुटावा. हे कार्यक्रम माणसे निवडतात ती अशीच. फरक एवढाच, की प्रयोगशाळेत भार किती दिला याची नोंद असते. इथे बंद घर, बाहेरची बातमी नाही, कंटाळा, आणि चोवीस तासांतून काढलेला तासाभराचा भाग. यातला कोणता भार किती, हे प्रेक्षकाला कोणी सांगत नाही. शिवाय काय दाखवायचे हे यंत्रच ठरवते. प्रक्षेपित न झालेल्या एका प्रसंगात याहून उघड वांशिक शब्द निघाला होता, हे नंतरच्या चौकशीत बाहेर आले.

निकाल तुम्हाला ठाऊक असेल. जेड ८२ टक्के मतांनी बाहेर गेली, शिल्पा ६३ टक्के मतांनी जिंकली. ब्रिटनने सुटकेचा श्वास टाकला. माझा मुख्य आक्षेप या सुटकेवर आहे. जेड दक्षिण लंडनच्या गरीब वस्तीतून आलेली, शाळेत फारसे न शिकलेली मुलगी. तिचे वडील स्वतः मिश्रवंशीय होते. एवढा गुंता पडद्यावर मावला नाही; मावली ती एक खलनायिका, जिला घालवले की घर स्वच्छ. मे महिन्यात ऑफकॉमने वाहिनीला नियमभंगाबद्दल दोषी धरले, पण त्यावर काही फोन करून मत देता येत नव्हते. २००८ मध्ये जेड आपल्या ‘बिग बॉस’मध्ये आली, सूत्रसंचालक शिल्पाच. कर्करोग झाल्याचे तिला तिथेच कळले आणि ती परतली. मार्च २००९ मध्ये गेली. समेटही एका नव्या पर्वाचा माल झाला होता.

आपण मात्र फार खूश होऊ नये. त्याच २००७ मध्ये ‘इंडियन आयडल’च्या तिसऱ्या पर्वात दार्जिलिंगचा प्रशांत तमांग जिंकला, कोलकाता पोलिसांत हवालदार होता. दिल्लीच्या एका एफएम वाहिनीवर निवेदकाने शेरा मारला, त्याचा मतलब असा की हे लोक गाऊ लागले तर राखणदारी कोण करणार. सिलिगुडीत दंगल झाली, संचारबंदी लागली. प्रशांतसाठी एसएमएस गोळा करणाऱ्या मंडळांतून बिमल गुरुंग पुढे आले आणि ऑक्टोबरात गोरखा जनमुक्ती मोर्चा उभा राहिला. उपविजेता अमित पॉल हा शिलाँगचा बंगाली. खासी आणि बंगाली यांच्यात जुनी तेढ असलेल्या त्या शहराने त्याला आपला म्हणून डोक्यावर घेतले. एकाच स्पर्धेने एका गावात तेढ सैल केली आणि दुसऱ्या गावात आग लावली. ‘वंश’ हा शब्द आपण परदेशासाठी राखून ठेवतो. डोळ्यांच्या ठेवणीवरून हाक मारतो तेव्हा मात्र त्याला चेष्टा म्हणतो.

आता वाराणसीच्या बालाजी घाटाकडे या. पेशवाईच्या काळाशी नाते सांगणारा हा घाट, वर बालाजीचे देऊळ. इथल्या नौबतखान्यात बिस्मिल्ला खाँ वर्षानुवर्षे सनईचा रियाज करीत. दहावीच्या हिंदी पुस्तकातला यतींद्र मिश्र यांचा धडा तुमच्यापैकी अनेकांनी वाचला असेल. गौतम घोष यांनी १९८९ मध्ये त्यांच्यावर माहितीपटही केला. हे नाते रिॲलिटी शोमध्ये येऊच शकत नाही, कारण त्यात रोज काही घडत नाही. पहाट, सनई, पुन्हा पहाट. कोणी बाहेर जात नाही, कोणी जिंकत नाही.

तरी घाटाचे सुंदर चित्र हेच उत्तर, असे लिहाल तर गुण कापीन. नौबतखाना देवळाच्या ड्योढीवर असतो, गाभाऱ्यात नाही. वादकाची जागा ठरलेली होती, आणि त्या ठरलेल्या जागेत त्यांनी काय उभे केले हे वेगळे. एका भारतरत्नाकडे बोट दाखवून शेजारच्या विणकरांच्या गल्लीचा प्रश्न मिटतो असे मानणे, ही जेडला बाहेर काढण्याचीच दुसरी बाजू आहे.

पुढच्या तासासाठी एक काम. कोणत्याही गाण्याच्या किंवा नाचाच्या स्पर्धेचा एक भाग निवडा आणि घड्याळ घेऊन बसा. ईशान्येकडचा, आदिवासी किंवा मुस्लिम स्पर्धक असेल तर त्याचे गाव, गरिबी आणि पेहराव यांना किती मिनिटे मिळाली आणि त्याच्या गाण्याला किती, हे मांडा. शेजारी पुण्या-मुंबईच्या स्पर्धकाचे आकडे ठेवा. परीक्षक कोणाच्या नावाला अडखळले, तेही टिपा.