धोकादायक श्वानांच्या नियंत्रणविषयक कायद्यातील सुधारणा : मुंबई उपनगरांच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना :
मुंबईत श्वान नियंत्रणाचा प्रश्न जुना आहे. जून १८३२ मध्ये ब्रिटिश प्रशासनाने भटके कुत्रे मारण्याची मोहीम हाती घेतली, तेव्हा फोर्ट परिसरातील पारशी समाजाने तिला तीव्र विरोध केला. बाजार बंद झाले व लष्कराला पाचारण करावे लागले. मनुष्याची सुरक्षितता आणि मुक्या प्राण्याविषयीची करुणा या दोन मूल्यांतील तणाव तेव्हापासून या शहराच्या नागरी जीवनाचा भाग झाला आहे. या तणावाची सोडवणूक कायद्याने करावयाची असते. तथापि, विद्यमान कायदा ती सोडवणूक करतो काय, हा प्रश्न आजही अनुत्तरित आहे.

प्रस्तुत लेखात ‘धोकादायक श्वान’ ही संकल्पना विद्यमान कायद्याने कशी हाताळली आहे, याची चिकित्सा अंधेरी, बोरिवली, मुलुंड व घाटकोपर या उपनगरांच्या संदर्भात केली आहे. श्वानांची संख्या, श्वानांपासून होणारा रोग आणि विशिष्ट श्वानापासून संभवणारा धोका हे तीन भिन्न प्रश्न आहेत. कायदा पहिल्या दोन प्रश्नांविषयी बोलतो. तिसऱ्याविषयी मात्र त्याच्याकडे निश्चित कार्यपद्धती नाही, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

१) कायद्याची वाटचाल :
मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ ने मोकाट श्वानांच्या बंदोबस्ताचे अधिकार महापालिकेच्या आयुक्तांना दिले. प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० च्या कलम ११ नेही विहित पद्धतीने भटके श्वान नष्ट करणे हे क्रूरतेच्या व्याख्येबाहेर ठेवले. मात्र त्याच अधिनियमाखाली आलेल्या प्राणी जन्म नियंत्रण (श्वान) नियम, २००१ ने दिशा बदलली. श्वानास पकडावे, त्याचे निर्बीजीकरण व लसीकरण करावे आणि जेथून पकडले तेथेच पुन्हा सोडावे, हे सूत्र प्रस्थापित झाले. १९ डिसेंबर २००८ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने उपद्रवी श्वानांबाबत आयुक्तांचा अधिकार बहुमताने मान्य केला. परंतु जानेवारी २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यास स्थगिती दिली. पुढे १० मार्च २०२३ रोजी नवे नियम अमलात आले आणि मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही जुनी प्रकरणे निकाली काढली.

या वाटचालीत ‘मारावे की न मारावे’ या एकाच प्रश्नाभोवती सर्व वाद फिरत राहिला. मारणे थांबले, हे सुसंस्कृत समाजाला साजेसेच झाले. परंतु जो श्वान वारंवार चावतो त्याचे करावयाचे काय, हा प्रश्न त्या वादात मागे पडला.

२) नियमांतील मूलभूत उणीव :
समजा, घाटकोपरच्या एखाद्या चाळीतील रहिवाशांनी एका विशिष्ट श्वानाबद्दल विभाग कार्यालयात तक्रार केली. महापालिकेची गाडी येते व श्वानास घेऊन जाते. त्याचा कान खाचलेला असल्यास निर्बीजीकरण पूर्वीच झाले आहे, असे समजते. लस टोचली जाते आणि श्वान त्याच गल्लीत परत येतो. कागदोपत्री तक्रार निकाली निघते. प्रत्यक्षात ती जशीच्या तशी उरते. यात कोणत्याही कर्मचाऱ्याची कुचराई नाही; नियमांची रचनाच तशी आहे. चावलेल्या श्वानाचे निरीक्षण केले जाते ते मुख्यतः रेबीजच्या शक्यतेपोटी. स्वभावाने आक्रमक असलेल्या, परंतु निरोगी श्वानाचे मूल्यमापन कोणी व कोणत्या निकषांवर करावे, याबाबत नियम पुरेसे बोलत नाहीत.

येथे निर्बीजीकरणाचे महत्त्व नाकारावयाचे नाही. महापालिकेसाठी झालेल्या गणनांनुसार मुंबईतील भटक्या श्वानांची संख्या २०१४ मध्ये सुमारे ९५ हजार, तर २०२४ मध्ये सुमारे ९० हजार होती. संख्या आटोक्यात राहिली, हे यशच म्हणावे लागेल. परंतु निर्बीजीकरणाचा परिणाम वर्षांत मोजावयाचा असतो, तर पहाटे कामावर निघालेल्या सफाई कामगाराला किंवा शाळेत जाणाऱ्या मुलाला भेडसावणारा धोका आजचा असतो.

२२ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या त्रिसदस्यीय पीठाने ११ ऑगस्टच्या दिल्लीविषयक आदेशात बदल केला. निर्बीजीकरण व लसीकरण झालेले श्वान पूर्वीच्या जागी सोडावेत. मात्र रेबीजग्रस्त, रेबीजचा संशय असलेले व आक्रमक वर्तन करणारे श्वान सोडू नयेत, असे त्यात म्हटले गेले. धोक्याची दखल घेणारा हा अपवाद स्वागतार्ह आहे. परंतु ‘आक्रमक वर्तन’ म्हणजे नेमके काय, याची व्याख्या त्यात नाही. व्याख्येविना अपवाद हा दुधारी ठरतो. एखाद्या संस्थेतील बहुसंख्य रहिवासी प्रत्येक श्वानास आक्रमक ठरवतील, तर श्वानप्रेमी कोणत्याही श्वानास तसे ठरू देणार नाहीत.

३) पाळीव श्वान : जात की वर्तन?
पाळीव श्वानांबाबत कायद्याची दिशा याहून वेगळी, पण तितकीच अपुरी आहे. १२ मार्च २०२४ रोजी केंद्रीय पशुसंवर्धन विभागाने २३ जातींवर निर्बंध घालण्याविषयी राज्यांना पत्र पाठविले. एप्रिल २०२४ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द केले. ब्रिटनने १९९१ च्या धोकादायक श्वान अधिनियमात जातीचाच निकष स्वीकारला व प्रथम चार प्रकारांवर बंदी घातली. तरीही गंभीर हल्ले थांबले नाहीत आणि २०२३ च्या अखेरीस एक्सएल बुली हा आणखी एक प्रकार त्या यादीत घालावा लागला. यादी वाढत जाते, याचा अर्थ निकष चुकतो आहे.

जातीचा निकष बाजूला ठेवल्यास भारतात उरते ती दंडसंहिता. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ अन्वये प्राण्याबाबत हयगय करणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मात्र ही तरतूद बहुधा चावा घेतल्यानंतर जागी होते, आणि तीही सावकाश. २०१० मधील रॉटवायलरच्या चाव्याच्या एका प्रकरणात मुंबईतील दंडाधिकारी न्यायालयाने मालकास तीन महिन्यांची शिक्षा सुनावली ती २०२३ मध्ये. तेरा वर्षांनी मिळणारी शिक्षा हा न्याय असेलही. नियंत्रण मात्र नव्हे.

४) उपनगरांचे वास्तव :
उपनगरांत हा प्रश्न दोन भिन्न रूपांत दिसतो. अंधेरीपासून बोरिवलीपर्यंतच्या गृहनिर्माण संस्थांत तो मुख्यतः अन्न घालण्यावरून होणाऱ्या संघर्षाचे रूप घेतो. कांदिवलीतील अशाच एका वादात २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने भटक्या श्वानांचा द्वेष किंवा छळ सुसंस्कृत समाजास मान्य होणार नाही, अशी भूमिका घेतली. तत्पूर्वी, ऑक्टोबर २०२२ मध्ये, नागपूर खंडपीठाने सार्वजनिक ठिकाणी अन्न घालण्यावर निर्बंध आणले होते व सर्वोच्च न्यायालयाने पुढच्याच महिन्यात संबंधित निर्देशांना स्थगिती दिली होती. न्यायालये शेजाऱ्यांचे भांडण मिटवू पाहतात, कारण त्या भांडणाची पहिली सुनावणी करणारी सक्षम स्थानिक यंत्रणाच नाही.

बोरिवली व मुलुंड या दोन्ही बाजूंनी संजय गांधी राष्ट्रीय उद्यानास भिडलेल्या वस्त्यांत चित्र वेगळे आहे. येथे श्वान हा बिबट्याचे भक्ष्यही आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने उद्यान परिसरातील सुमारे ३५ बिबटे वर्षाला सरासरी १,५०० श्वान खात असावेत व त्यामुळे सुमारे १,००० श्वानदंश टळत असावेत, असे अनुमान मांडले. हे अनुमानच आहे, हे लक्षात ठेवूनही त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते : पाड्यातील श्वान व संकुलातील श्वान यांना एकच नियम यांत्रिकपणे लावता येत नाही.

५) शैक्षणिक परिसर :
७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशाने सर्वोच्च न्यायालयाने शैक्षणिक संस्था, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके व रेल्वे स्थानके यांच्या आवारातील श्वान हटवून निवाऱ्यात ठेवावेत व पुन्हा तेथे सोडू नयेत, असे निर्देश दिले. आवार सुरक्षित करणे व देखरेखीसाठी अधिकारी नेमणे ही जबाबदारीही आली. महाविद्यालयांना त्यामुळे हा विषय परका राहिलेला नाही. या आदेशाचा हेतू निर्विवाद योग्य आहे. परंतु त्याचा निकष ‘स्थळ’ हा आहे, ‘वर्तन’ नव्हे. वर्षानुवर्षे कोणासही न चावलेला, लसीकरण झालेला श्वान आवारातून जाईल आणि फाटकाबाहेरच्या रस्त्यावरील आक्रमक श्वान तेथेच राहील, असे घडू शकते. विद्यार्थी त्या रस्त्यानेच महाविद्यालयात येतात.

६) सुधारणेची दिशा :
स्कॉटलंडने २०१० मध्ये केलेल्या श्वान नियंत्रण अधिनियमात जातीऐवजी वर्तन प्रमाण मानले. श्वान नियंत्रणाबाहेर असल्याचे आढळल्यास स्थानिक प्राधिकरणाचा अधिकारी मालकास नोटीस देऊन साखळी, मुसके, निर्बीजीकरण अशा अटी घालू शकतो. गंभीर इजा होण्याची वाट पाहावी लागत नाही. हे तत्त्व मुंबईस उपयुक्त आहे; परंतु ते जसेच्या तसे उचलता येणार नाही, कारण येथील बहुसंख्य श्वानांना मालकच नाही. मग नोटीस कोणास द्यावयाची? अन्न घालणाऱ्यांवर दायित्व टाकावे, असा युक्तिवाद केला जातो. तो वरवर न्याय्य वाटला तरी घातक आहे. निर्बीजीकरणासाठी श्वान पकडून देण्यास ज्यांचा हात लागतो, तीच माणसे त्यामुळे दूर जातील. दायित्व महापालिकेचेच असावयास हवे. अन्न घालणाऱ्यांवर सहकार्याचे कर्तव्य असावे.

त्या दृष्टीने पुढील सुधारणा विचारार्ह ठरतात. पहिली, ‘धोकादायक श्वान’ याची वर्तनाधारित व्याख्या करून चिथावणीविना चावा, पुनरावृत्ती व इजेचे स्वरूप हे निकष नियमांतच नमूद करावेत. दुसरी, प्रत्येक विभाग कार्यालयात पशुवैद्यक, आरोग्य अधिकारी, प्राणिकल्याण संस्थेचा प्रतिनिधी व रहिवासी यांची समिती असावी आणि तिने ठरावीक मुदतीत सकारण निर्णय द्यावा. तिसरी, उपाय श्रेणीबद्ध असावेत : निरीक्षण, पुनर्मूल्यांकन, दत्तक, निवारा. चौथी, श्वानदंशाच्या भरपाईचे तत्त्व नियमांत यावे. पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये प्रत्येक दाताच्या खुणेमागे किमान दहा हजार रुपये ठरविले. ते निर्णयातून आले, नियमांतून नव्हे. या सर्वांच्या जोडीस व्यापक लसीकरण हवेच. ७० टक्के श्वानांच्या लसीकरणाचे उद्दिष्ट ठेवून काम करणाऱ्या गोव्यास २०२१ मध्ये रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून घोषित करता आले, हे उदाहरण शेजारचेच आहे.

समारोप :
१८३२ मध्ये प्रशासनाने सर्व श्वान धोकादायक मानले. २००१ च्या नियमांनी श्वानास संरक्षण दिले, परंतु धोक्याचा वेगळा विचार केला नाही. २०२४ मध्ये जात व २०२५ मध्ये स्थळ हे निकष पुढे आले. या चारही भूमिकांत सुटले ते प्रत्यक्ष वर्तन. जो श्वान धोकादायक आहे त्यास योग्य कार्यपद्धतीने ओळखणे, हेच जो धोकादायक नाही त्याचेही खरे संरक्षण आहे. सुरक्षितता व करुणा यांतील एकाचीच निवड करण्याची वेळ कायद्याच्या संदिग्धतेने आणली आहे. ती संदिग्धता दूर झाल्यास उपनगरातील रहिवाशास तक्रारीचे उत्तर मिळेल आणि श्वानासही सरसकट संशयातून मुक्ती मिळेल.